अमेरिकेतले रविवार-बंदीचे कायदे आणि त्यांच्याशी भांडलेले भाविक अन् कामगार : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्लू लॉज म्हणजे नक्की काय?

रविवारी काय काय करायचं नाही हे सांगणारे कायदे. दुकान उघडायचं नाही, शेतात राबायचं नाही, दारू विकायची नाही, खेळ-तमाशे करायचे नाहीत. अख्ख्या देशाचा असा एकच कायदा कधी नव्हता, प्रत्येक राज्याचा वेगळा आणि कधी कधी तर शहराचाही वेगळा. सुरुवात इंग्रजांच्या वसाहतींपासून झाली. व्हर्जिनियात १६१० च्या सुमाराला नियमच होता की रविवारी चर्चला आला नाहीस तर पुढच्या आठवड्याचं रेशन बंद, दुसऱ्यांदा चुकलास तर वर फटके, आणि तिसऱ्यांदा थेट देहदंड. पुढे न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणवाल्या ख्रिश्चन, लोकांनी तर रविवार फारच कडक केला.

पण अमेरिकेच्या घटनेत धर्म आणि सरकार वेगळं आहे ना? मग हे कायदे टिकले कसे?

पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची आहे, पण ती त्या काळी फक्त केंद्र सरकारला लागू धरली जायची, राज्यांना नाही. रविवारचे कायदे होते राज्यांचे. त्यामुळे ज्याला दंड व्हायचा त्याला दाद मागायला जागा असायची ती बहुतेक करून त्याच राज्याच्या कोर्टात, आणि तिथले जज बहुतेक वेळा स्वतः रविवार पाळणारे. विसावं शतक अर्धं होईपर्यंत हे असंच चाललं.

विरोध करणारे लोक नास्तिक होते का?

नाही. आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे म्हणून जरा नीट सांगतो. काही मुक्त विचारवाले होतेच, पण सगळ्यात चिवटपणे जे लढले ते कमालीचे देवभोळे लोक होते. बाप्टिस्ट पंथाचे ख्रिश्चन होते, ज्यांचं म्हणणं की देवाची आज्ञा पोलिसाच्या दंडुक्याने पाळायची नसते. सेव्हंथ डे बाप्टिस्ट होते, न्यूपोर्टला १६७१ पासून, आणि पुढे सेव्हंथ डे ऍडव्हेंटिस्ट आले, १८६३ मध्ये मिशिगनच्या बॅटल क्रीकला ज्यांची रीतसर स्थापना झाली (पुण्यातलं स्पायसर कॉलेज याच लोकांचं). हे दोन्ही ख्रिश्चनच, पण बायबलमधला शब्बाथ म्हणजे शनिवार असं मानणारे. आणि अर्थातच ज्यू. आपल्याकडे कोकणात बेने इस्रायल लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, तर तसाच शनिवार अमेरिकेतले ज्यू पाळायचे. फरक एवढाच की कोकणात शनवार तेल्याने रविवारी घाणा चालू केला म्हणून त्याला कोणी तुरुंगात टाकल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

भांडण पहिल्यांदा देशभर कधी पेटलं?

टपालावरून. पेन्सिल्व्हेनियात वॉशिंग्टन नावाचं एक छोटं गाव आहे, तिथला पोस्टमास्तर ह्यू वायली हा प्रेस्बिटेरियन चर्चमधला मान्यवर माणूस. रविवारी टपालगाडी यायची, चर्चला आलेले लोक तसेच पोस्टात पत्रं घ्यायला जायचे, मग हा टपाल लावून द्यायचा. १८०९ मध्ये चर्चने या कारणासाठी त्याला बाहेर काढलं. त्याच्यापुढे पेच असा की नोकरी सांभाळली तर चर्च जातं आणि चर्च सांभाळलं तर नोकरी जाते. १८१० मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सरळ कायदाच केला की पोस्टमास्तरने आठवड्याच्या सगळ्या दिवशी टपाल द्यायचं.

त्यावर चर्चवाल्यांनी मोहीम उघडली आणि १८२८ नंतर तर पिटिशनांचा नुसता पाऊस पडला. उत्तर दिलं केंटकीचे सिनेटर रिचर्ड एम. जॉन्सन यांनी, १८२९ च्या आपल्या अहवालात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की देवाचा दिवस कुठला हे ठरवणं संसदेचं कामच नाही, आज शनिवार की रविवार हे सरकारने ठरवलं तर उद्या बाकीच्या धार्मिक वादांतही सरकारच न्यायाधीश होऊन बसेल. पूर्वेकडच्या शहरांतल्या कामगार चळवळीत जॉन्सन आधीच लोकप्रिय होते, कारण कर्जापायी माणसाला तुरुंगात टाकायची पद्धत बंद करा म्हणून ते भांडत होते. धर्मवाला विरोध आणि कामगारांचा विरोध इथे पहिल्यांदा एकमेकांच्या शेजारी येऊन उभा राहिलेला दिसतो.

गंमत म्हणून नाही पण लक्षात ठेवायला हवं की रविवारचं टपाल शेवटी १९१२ मध्ये बंद झालं, आणि ते बंद करायला पाद्र्यांसोबत खुद्द पोस्टातले कामगारच पुढे होते, कारण त्यांना सुट्टी हवी होती. म्हणजे कामगार नेहमी एकाच बाजूला होते असं समजू नका, त्यावर खाली येतोच.

कोणाला खरोखर शिक्षा झाली का, की कायदे नुसते कागदावर होते?

बरेचदा कागदावर, पण मग अचानक एखाद्यावर वापरले जायचे, आणि तो एखादा कोण हे बघितलं की राग येतो.

आर्कान्सॉमध्ये शनिवार पाळणाऱ्यांना कायद्यात सूट होती. १८८५ मध्ये ती काढून टाकली, कारण काय सांगितलं तर या सवलतीचा आधार घेऊन काही जण रविवारी दारू विकतात. पण पकडले गेले ते ऍडव्हेंटिस्ट शेतकरी आणि कारागीर, जे दारूला हातही लावत नाहीत. स्प्रिंगडेल गावात जे. डब्ल्यू. स्कोल्स नावाचे प्रचारक होते, गावात त्यांचं नवीन प्रार्थनाघर बांधून होत आलेलं, रंगाचं थोडं काम राहिलं होतं, ते त्यांनी रविवारी केलं, तेही मागच्या भिंतीला, रस्त्यावरून कोणाला दिसणारही नाही अशा जागी. त्यावर खटला, दंड, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १८८६ मध्ये तो कायम केला! देवाच्या घराला रंग लावला म्हणून देवाचा दिवस मोडला असा त्याचा अर्थ होतो. १८८७ मध्ये सूट परत आली, आणि तिच्यासाठी राज्याच्या सिनेटमध्ये कळकळीने बोलणारा माणूस होता रॉबर्ट क्रॉकेट, प्रसिद्ध डेव्ही क्रॉकेटचा नातू.

टेनेसीतली आर. एम. किंगची केस तर याहून वाईट. साधा ऍडव्हेंटिस्ट शेतकरी, ओबायन काउंटीतला. शनिवार पाळायचा आणि रविवारी स्वतःच्या शेतात स्वतःचा नांगर धरायचा. १८८९ मध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून आधी छोटा दंड झाला, तो त्याने भरला, मग त्याच कामासाठी पुन्हा मोठ्या कोर्टात ओढलं आणि ७५ डॉलर दंड. आरोप काय, तर त्याचं रविवारचं शेतकाम हा सार्वजनिक उपद्रव आहे. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दंड कायम केला. केस फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेली, तिथे १८९१ मध्ये जज हॅमंड यांनी लिहिलं की टेनेसीच्या कोर्टाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला असं आपल्याला वाटतं, पण तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जायची तयारी झाली होती, आणि नोव्हेंबर १८९१ मध्ये किंग वारला, केस तिथेच संपली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या हेन्री काउंटीत दंड भरायला नकार दिलेल्या ऍडव्हेंटिस्टांना कैद्यांच्या टोळीत रस्त्याच्या कामाला लावलं. हे सगळं चालू असताना रेल्वे मात्र रविवारी धावतच होती.

संपूर्ण देशासाठी रविवारचा कायदा करायचा प्रयत्न झाला होता का?

हो, आणि मला ही सगळी कहाणी इथे सगळ्यात जास्त गुंतलेली वाटते. मे १८८८ मध्ये न्यू हॅम्पशरचे सिनेटर हेन्री ब्लेअर यांनी राष्ट्रीय रविवार विश्रांती बिल आणलं. मागे जोर होता विल्बर क्राफ्ट्स या पाद्र्यांचा आणि दारूबंदीवाल्या ख्रिश्चन महिला संघटनेचा. पाठिंबा दाखवायला प्रचंड सह्या गोळा केल्या, त्यात ७२ लाख कॅथलिक मोजले होते, आणि ते कसे तर बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांचं पाठिंब्याचं एक पत्र आलं होतं म्हणून देशातले सगळे कॅथलिक त्यात धरले! पुढे खुद्द गिबन्सनाच लिहून खुलासा करावा लागला की मी सगळ्यांच्या वतीने सही केलेली नाही, तसा अधिकारही मला नाही.

क्राफ्ट्स हुशार माणूस, त्यांनी ओळखलं की नुसता धर्म पुढे केला तर बिल पास होणार नाही, कामगार सोबत पाहिजेत. म्हणून ते १८८८ मध्ये इंडियानापोलिसला नाइट्स ऑफ लेबर या मोठ्या कामगार संघटनेच्या अधिवेशनात गेले आणि पाठिंबा मिळवून आले. १३ डिसेंबरला सिनेटच्या शिक्षण आणि कामगार समितीसमोर सुनावणी झाली, तिथे ऍडव्हेंटिस्टांचे अलोन्झो टी. जोन्स ब्लेअर यांच्याशी समोरासमोर वाद घालत उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा, की विश्रांतीच द्यायची असेल तर देवाचा दिवस हे शब्द बिलात कशाला, आणि देवाचा दिवस म्हणून द्यायची असेल तर ते सरकारचं काम नाही. बिल पास झालं नाही. ब्लेअर यांनी शब्द बदलून ते परत आणलं, तेव्हाही पडलं. १८९० मध्ये राजधानीच्या शहरापुरतं वेगळं बिल आलं, त्याच्या सुनावणीला शहरातल्या नाइट्स ऑफ लेबरच्या प्रमुखाने येऊन सांगितलं की इथले कामगार या बिलाच्या मागे नाहीत. सुट्टी सगळ्यांना हवी होती हो, पण ती धर्माच्या पोटातून आलेली नको होती.

कामगारांचा विरोध नक्की कशाला होता? सुट्टी मिळत होती ना?

त्या काळचा आठवडा डोळ्यासमोर आणा. सहा दिवस, रोज दहा-बारा तास, पगार शनिवारी संध्याकाळी. हाताला लागणारा मोकळा दिवस एकच, रविवार. आणि नेमकं त्याच दिवशी म्युझियम बंद, वाचनालय बंद, बेसबॉल बंद, बियर गार्डन बंद. ज्याच्याकडे घोडागाडी आहे, क्लबची मेंबरशिप आहे, मंगळवारी दुपारी फिरायला वेळ आहे, त्याला काही फरक पडत नव्हता. म्हणजे सुट्टी मिळाली तरी ती कशी घालवायची हे मालकवर्गाने ठरवायचं, खरी चीड ती होती.

शिकागोत १८५५ मध्ये मेयर लीव्हाय बून आले, स्थलांतरितांच्या विरोधात असलेल्या पक्षाचे. त्यांनी दारूच्या लायसनची फी ५० डॉलरवरून ३०० केली आणि रविवारची बंदी कडक केली. फटका बसला जर्मन आणि आयरिश कामगारांना. २१ एप्रिलला दंगल पेटली, एक माणूस मेला. न्यूयॉर्कमध्ये १८९५ ला पोलीस कमिशनर थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनीही रविवारचे गुत्ते बंद करायला घेतले तेव्हा जर्मन लोकांनी भला मोठा मोर्चा काढला. पुढच्या वर्षी रेन्स कायदा आला, की रविवारी दारू फक्त हॉटेलात आणि जेवणासोबतच, आणि हॉटेल म्हणजे किमान दहा खोल्या. लगेच गुत्त्यांच्या मागे-वर फळ्या ठोकून दहा खोल्या तयार झाल्या, टेबलावर जेवण म्हणून एक शिळं सँडविच यायचं जे कोणी खायचं नाही, तेच उचलून पुढच्या गिऱ्हाइकापुढे. आणि त्या खोल्यांत पुढे वेश्याव्यवसाय वाढला. नीती सुधारायला केलेल्या कायद्याने हे झालं, याचं वाईट वाटतं.

मग काही कामगार संघटना बंदीच्या बाजूने का होत्या?

कारण प्रत्येकाचं काम वेगळं. न्हावीकाम करणाऱ्यांना रविवार हा सगळ्यात गर्दीचा दिवस, दुकानातल्या नोकरांनाही तसंच, त्यांच्या युनियननी बंदी मागितली आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. एकट्या मालकाने दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं, सगळ्यांनाच कायद्याने बंद केलं तरच नोकराला सुट्टी मिळते. न्हाव्यांच्या दुकानांवरची अशी बंदी सुप्रीम कोर्टाने १९०० मध्ये मिनेसोटाच्या केसमध्ये मान्य केली.

आणि जिथे सुट्टीची खरी गरज होती तिथे मात्र हे कायदे कधी पोचलेच नाहीत. पोलाद कारखान्यात भट्टी थांबवता येत नाही म्हणून आठवड्याचे सातही दिवस, बारा-बारा तास. दिवसपाळी-रातपाळी बदलायच्या दिवशी माणूस सलग चोवीस तास भट्टीपुढे. १९१० चा बेथलेहेम स्टीलचा संप ओव्हरटाइम आणि रविवारच्या कामावरूनच पेटला होता. शेतकऱ्याच्या नांगरापर्यंत कायदा गेला पण भट्टीपर्यंत गेला नाही, हे मी विसरू शकत नाही. म्हणून कामगार चळवळीत हळूहळू वेगळी मागणी पुढे आली की वार कुठलाही असो, सातातला एक दिवस सुट्टी हवी. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सने १९१३ मध्ये तसे कायदे केले.

शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचं काय प्रकरण होतं?

१८९३ चं प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले तेच. १८९२ मध्ये काँग्रेसने २५ लाख डॉलरची स्मारक नाणी मदत म्हणून द्यायचं ठरवलं, अट एकच, रविवारी गेट बंद. कामगार संघटना खवळल्या, कारण हे प्रदर्शन ज्यांनी हाताने उभं केलं त्यांना ते बघायला दुसरा वारच नव्हता. स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टन यांनीही उघडं ठेवायच्या बाजूने जोर लावला. कोर्टकचेऱ्या होऊन गेट रविवारी उघडलं, पण यंत्रं थांबलेली आणि कित्येक दालनं झाकलेली, त्यामुळे लोक फार आले नाहीत. त्याआधी १८९१ मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम मात्र अशाच मागणीनंतर रविवारी उघडलं होतं आणि तिथे झुंबड उडाली होती.

ज्यू दुकानदारांनी काय केलं?

कोर्टात गेले, वारंवार गेले. दक्षिण कॅरोलायनात सॉलोमन बेंजामिनवर रविवारी हातमोज्यांचा एक जोड विकला म्हणून केस झाली, १८४८ मध्ये तो हरला. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोचे कपड्यांचे व्यापारी न्यूमन १८५८ मध्ये चक्क जिंकले, कायदाच रद्द झाला, पण तीन वर्षांत त्याच कोर्टाने निर्णय फिरवला. (त्या राज्याने १८८३ मध्ये कायदा स्वतःच काढून टाकला.) न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला तर हजारो दुकानं अशी की शनिवारी धर्मासाठी बंद आणि रविवारी कायद्यासाठी. दोन दिवस बंद ठेवून भाडं भरायचं कुठून? कोणी शनिवार सोडला, कोणी पोलिसाचा हात ओला केला, कोणी दंड भरत राहिला.

सुप्रीम कोर्टाने शेवटी काय म्हटलं?

२९ मे १९६१ ला एकाच दिवशी चार केसेसचा निकाल लागला. मेरीलँडमधल्या केसमध्ये गुन्हा काय, तर डिस्काउंट स्टोअरच्या नोकरांनी रविवारी एक फाइल, फरशीला लावायचं मेण, स्टेपलर आणि त्याच्या पिना, आणि खेळण्यातली पाणबुडी विकली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी मान्य केलं की कायद्याचं मूळ धार्मिक आहे, पण आता त्याचा उद्देश सगळ्यांना एकसारखा विश्रांतीचा दिवस देणं हा झालाय, म्हणून कायदा वैध. त्याच दिवशी फिलाडेल्फियाचे ऑर्थोडॉक्स ज्यू व्यापारी ब्रॉनफेल्ड हरले, आणि मॅसॅच्युसेट्सचं क्राउन कोशर हे ज्यूंचं सुपरमार्केटही हरलं, ज्याचा आठवड्याचा एक तृतीयांश धंदा रविवारी व्हायचा. न्यायमूर्ती डग्लस चारही केसमध्ये विरोधात गेले. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी लिहिलं की श्रद्धा किंवा पोट यातलं एक निवडायला लावणं ही क्रूर निवड आहे. मला विचाराल तर डग्लस आणि स्ट्युअर्ट बरोबर होते. विश्रांतीच द्यायची तर ज्याने शनिवारी ती घेतली त्याला रविवारी सोडून द्यायला काय हरकत होती?

त्यानंतर काही बदललं का?

दोनच वर्षांत. दक्षिण कॅरोलायनात ऍडेल शर्बर्ट ही कापडगिरणीतली कामगार, ऍडव्हेंटिस्ट. गिरणीने १९५९ मध्ये शनिवारही कामाचा केला, ती येईना, नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला. त्याच राज्यात रविवार पाळणाऱ्या गिरणी कामगाराला कायद्याचं संरक्षण होतं, हिला नव्हतं. १९६३ मध्ये ती जिंकली, आणि ती केस अजूनही शिकवली जाते. धर्माचा प्रश्न आणि कामगाराचा प्रश्न दोन नाहीतच, हे एका बाईच्या केसमधून इतकं स्वच्छ दिसतं.

आणि परत टपाल! पोस्टाने २०१३ पासून ऍमेझॉनची पार्सलं रविवारी वाटायला घेतली. जेरल्ड ग्रॉफ हा ख्रिश्चन टपालवाला रविवारी कामाला नाही म्हणाला, शेवटी नोकरी सोडली, केस केली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की मालकाला थोडीशी अडचण होते एवढं कारण पुरेसं नाही, खरोखर मोठा भुर्दंड दाखवावा लागेल.

आपल्याकडची रविवारची सुट्टी पण अशीच आली का?

नाही, उलट्या रस्त्याने. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगार उभे करून ती मागून घेतली, १० जून १८९० ला गिरणीमालकांनी मान्य केली, आणि रविवार हा खंडोबाचा वार असं तेव्हा सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या भांडणाशी त्याचा थेट संबंध नाही, पण काळ अगदी तोच.

आज कुठे असे कायदे शिल्लक आहेत?

बऱ्याच राज्यांत रविवारच्या दारूविक्रीवर किंवा गाड्यांच्या शोरूमवर बंधनं आहेत. टेक्सासमध्ये गाडीविक्रेत्याने शनिवार-रविवारपैकी एक दिवस बंद ठेवायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानातल्या कामगारांना रविवारचा जास्त दराने पगार मिळायचा, तो टप्प्याटप्प्याने कमी करत २०२३ ला संपवला. कायदा सैल करताना जे कामगारांना मिळालं होतं तेच आधी गेलं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना बर्गन काउंटी माहीत असेलच. पॅरामसचे मॉल रविवारी बंद, किराणा आणि रेस्टॉरंट चालू, पण कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स नाही. १९९३ मध्ये मतदान झालं तेव्हा लोकांनी बंदीच ठेवली, ट्रॅफिक नको म्हणून. सँडी वादळानंतर २०१२ मध्ये एका रविवारपुरती ती उठवली होती. त्याच काउंटीत टीनेक आहे, मोठी ऑर्थोडॉक्स ज्यू वस्ती. शाळकरी पोराला बूट घ्यायचे तर शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत धर्म अडवतो आणि रविवारी काउंटी, म्हणून आई-बाप अजूनही बाहेरच्या काउंटीत गाडी काढतात.